अरुंद जागेत उष्णता पंप : वागळे इस्टेटमधील लघुउद्योजकांसाठी काही विचार

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही राज्यातील आद्य औद्योगिक क्षेत्रांपैकी एक होय. त्या काळी आखलेल्या भूखंडांवर प्रथम पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या, मागाहून बहुमजली गाळे आले, आणि अलीकडच्या काळात माहिती तंत्रज्ञानाच्या इमारतीही आल्या. किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या दाट वस्त्या इस्टेटीला येऊन भिडल्या आहेत. उद्योग वाढला, माणसे वाढली. वाढली नाही ती जागा. दोन शेडींमधील गल्ली, इमारतीमागचे सामासिक अंतर आणि गच्ची एवढेच काय ते मोकळे आकाश लघुउद्योजकाच्या वाट्याला येते. वातानुकूलन यंत्रांची बाहेरची युनिटे, पाण्याच्या टाक्या, हवेचे कॉम्प्रेसर आणि भंगाराचे ढीग यांची गर्दी याच जागेत होते.

अशा जागेत आता उष्णता पंप या आणखी एका यंत्राची भर पडू लागली आहे. गरम पाण्यासाठी विजेचे हीटर किंवा डिझेलवरील बॉयलर वापरणाऱ्या कारखान्यांना, उपाहारगृहांना व रुग्णालयांना हे यंत्र उपयुक्त आहे. मात्र ते कोठे आणि कसे बसवावे याचा विचार खरेदीपूर्वी झाला नाही, तर अपेक्षित बचतीचा मोठा भाग त्या अरुंद गल्लीतच हरवतो.

उष्णता पंप म्हणजे काय?

पाणी उतारावरून आपोआप खाली वाहते. ते वर चढवायचे तर पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप जाते. उलट दिशेने न्यायची तर यंत्र लागते व त्यासाठी थोडी ऊर्जा खर्चावी लागते. हे तत्त्व नवे नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच त्याचा वापर इमारती उबदार ठेवण्यासाठी करता येईल असे सुचविले होते. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या नगरभवनात १९३८ मध्ये असा पंप कार्यान्वित झाला. तो लिमात नदीच्या थंड पाण्यातून उष्णता काढून घेऊन इमारत उबदार ठेवी.

घरातील शीतकपाट हादेखील एक उष्णता पंपच आहे. आतील उष्णता काढून तो ती मागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो. पाणी तापविणाऱ्या पंपात बाहेरच्या हवेतील उष्णता बाष्पकाच्या नळ्यांतील प्रशीतक द्रव्य शोषून घेते व त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, त्यामुळे तिचे तापमान चढते. ही तप्त वाफ संघनकात आपली उष्णता पाण्याला देते, पुन्हा द्रवरूप होते आणि झडपेतून दाब उतरल्यावर परत बाष्पकाकडे येते. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसर व पंखा चालविण्यासाठी. पाण्याला मिळणारी बरीचशी उष्णता हवेतून फुकट येते.

आकड्यांत पाहू. एका गाळ्यात धातूचे सुटे भाग धुण्यासाठी रोज १,००० लिटर पाणी २७ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापवावे लागते असे समजू. त्यासाठी सुमारे ३८ युनिट उष्णता हवी. विजेच्या हीटरला तेवढीच, म्हणजे ३८ युनिट वीज लागेल. पंपाची कार्यक्षमता साडेतीन पट असेल, तर ११ युनिटांत काम भागेल. रोजची बचत २७ युनिटांची, आणि ३०० कामाच्या दिवसांत ती ८,१०० युनिटांची झाली.

गल्लीत तयार होणारा हिवाळा

हा हिशेब खरा ठरण्यासाठी एक अट आहे. पंपाला ताजी, उबदार हवा सतत मिळाली पाहिजे. हवेतून ७ किलोवॉट उष्णता घेताना हवेचे तापमान सुमारे ५ अंशांनी उतरवायचे असेल, तर तासाला सुमारे ४,००० घनमीटर हवा यंत्रातून जावी लागते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशा खोलीतील हवेच्या शंभर पट ही हवा होय. यंत्राने व्यापलेली जागा लहान दिसते. त्याच्या श्वासाला लागणारी जागा मोठी असते.

बाष्पकातून बाहेर पडणारी हवा थंड, म्हणून जड असते. समोर भिंत असली की ती भिंतीवर आपटते, खाली साचते आणि पंख्याच्या ओढीने पुन्हा यंत्रात शिरते. दुसऱ्या फेरीत ती अधिक थंड होते, तिसऱ्या फेरीत त्याहून थंड. इस्टेटीच्या रस्त्यावर २८ अंश तापमान असताना बंद गल्लीतील यंत्राभोवती ते पंधरा अंशांच्याही खाली जाऊ शकते. ठाण्यात कधी दहिवर गोठत नाही. परंतु कोंडलेला उष्णता पंप आपल्यापुरता हिवाळा स्वतःच तयार करतो.

त्याचे परिणाम दुहेरी होतात. हवेचे तापमान एका अंशाने उतरले की कार्यक्षमता साधारणपणे दोन ते तीन टक्क्यांनी घटते. वरील उदाहरणात ती साडेतीनवरून अडीच पटीवर आली, तर ११ ऐवजी १५ युनिटे खर्च होतील. याहून मोठे नुकसान दुसऱ्या कारणाने होते. यंत्राची उष्णता देण्याची क्षमताही घटते, सकाळच्या पाळीपूर्वी पाणी पुरेसे तापत नाही, आणि टाकीतील पूरक विद्युत हीटर आपोआप सुरू होतो. एकतृतीयांश काम हीटरवर पडले, तर रोजचा खर्च सुमारे २३ युनिटांवर जातो. बचत २७ युनिटांवरून १५ युनिटांवर येते. यंत्र चालू दिसते, पाणीही गरम येते; म्हणून दोष कोणाच्या ध्यानात येत नाही. तो कळतो केवळ विजेच्या देयकावरून.

शीत प्रदेशांचा अनुभव

या प्रश्नाचा खोल विचार शीत प्रदेशांत झाला आहे. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. अशा हवामानासाठी उणे २५ अंशांपर्यंत चालणारे खास पंप बनविले जातात. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबण्याच्या क्रियेच्या मध्यावर प्रशीतकाची जादा वाफ सोडण्याची सोय असते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही क्षमता टिकते. बाष्पकावर साचलेला बर्फ वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट दिशेने चालते. ते वितळलेले पाणी निघून गेले नाही, तर यंत्राखाली पुन्हा गोठते आणि पंख्याला अडवते. म्हणून तेथे यंत्र बर्फाच्या थराच्या वर येईल अशा उंच चौकटीवर बसवितात, खालचा निचरा मोकळा ठेवतात, वरून पडणाऱ्या बर्फापासून आडोसा करतात. मात्र हवेची वाट अडू देत नाहीत.

वागळे इस्टेटमध्ये इतका महाग पंप घेण्याचे कारण नाही. परंतु तेथील शिस्त येथेही लागू पडते. तेथे बर्फाच्या वर, तर येथे पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याच्या वर यंत्र उचलले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा अनुभव घेतलेल्या ठाणेकरांना हे वेगळे सांगायला नको. तेथे वितळलेले पाणी, तर येथे दमट हवेतून बाष्पकावर जमणारे पाणी वाहून नेले पाहिजे. पावसाळ्यात ते तासाला काही लिटर भरते. निचऱ्याची नळी नसेल तर ते गल्लीत साचून शेवाळ धरते व डासांची पैदास होते.

जागेची निवड

पहिला विचार गच्चीचा करावा. तेथे हवा मुबलक असते. मात्र जुन्या शेडींचे पत्रे अशा यंत्राचा भार पेलू शकत नाहीत. त्याचा भार मूळ खांबांवर वा तुळयांवर येईल अशी लोखंडी चौकट करावी व संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. गरम पाण्याच्या नळांना चांगले उष्णतारोधक वेष्टण हवे. एरवी बचत वाटेतच विरून जाते.

गल्लीशिवाय पर्याय नसेल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात. यंत्राचे तोंड समोरच्या भिंतीकडे न ठेवता गल्लीच्या मोकळ्या टोकाकडे ठेवावे, म्हणजे थंड हवा लांबीच्या दिशेने निघून जाईल. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर ती फेकली जाऊ नये. पाठीमागे साधारण १५ ते ३० सेंटिमीटर, समोर किमान एक मीटर आणि दुरुस्तीच्या बाजूला माणूस बसू शकेल एवढी जागा असावी. निर्मात्याच्या पुस्तिकेत अधिक अंतर दिले असेल तर तेच पाळावे. दोन यंत्रे समोरासमोर ठेवू नयेत. शोभेसाठी दाट पट्ट्यांची जाळी बसविण्याचा मोह टाळावा, कारण साध्या पंख्याला असा अडथळा पार करून हवा ढकलण्याइतका जोर नसतो.

हवेऐवजी पाण्यातून उष्णता घेता येते हेही विसरू नये. प्लॅस्टिकच्या साचेकामाची यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवावे लागते व त्यातील उष्णता शीतन मनोऱ्यातून वाया जाते. जेथे एकाच छपराखाली काही थंड करायचे आणि काही तापवायचे असते, तेथे पाण्यावर चालणारा पंप दोन्ही कामे करतो. त्याला गल्लीतील हवा लागतच नाही. झुरिचच्या नगरभवनाने नदीकडून घेतले ते येथे कारखाना स्वतःच्याच यंत्राकडून घेऊ शकतो.

सुरक्षितता आणि शेजारधर्म

दोन इमारतींमधील गल्ली ही केवळ रिकामी जागा नव्हे. आग लागली तर कामगारांना बाहेर पडण्याची आणि अग्निशमन दलाला आत येण्याची ती वाट असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा याच काळजीपोटी झालेला कायदा आहे. विजेची बचत करणारे यंत्र माणसांच्या वाटेत उभे राहत असेल, तर त्याची जागा चुकली असे समजावे.

प्रशीतकाचाही विचार अगत्याचा आहे. आज प्रचारात असलेले आर-३२ हे द्रव्य सौम्य ज्वलनशील आहे, तर प्रोपेन हे पूर्ण ज्वलनशील. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खोलगट जागेत साचतात. म्हणून तळघराचे तोंड, गटाराची उघडी झाकणे आणि वेल्डिंगची जागा यांपासून असे यंत्र दूर ठेवावे.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी क्षेत्रात ती अनुक्रमे ५५ व ४५ आहे. इस्टेटीच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या कुटुंबाला रात्रीची झोप दुसऱ्या मर्यादेतच मिळते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; अरुंद गल्लीत मात्र दोन्ही भिंती तो परतवतात. यंत्राखाली रबरी गाद्या घालाव्यात आणि शक्य तेथे पाणी दिवसाच तापवून साठवावे. दिवसा हवा उबदार असल्याने त्यात विजेचीही बचत होते.

यंत्र बसविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. तिसऱ्या मजल्याच्या बाहेर, दोन ब्रॅकेटांवर टांगलेल्या यंत्रापर्यंत त्याने कसे पोहोचावे? दुरुस्तीसाठी उभे राहण्याची पक्की जागा आणि सुरक्षा पट्टा अडकविण्याची कडी ही बसवणीच्या खर्चातच धरली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रशीतन व वातानुकूलनाचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना या कामात चांगला वाव आहे. त्यांचा जीव धोक्यात घालून कोणतीही बचत साधू नये.

तासाभराची साधी परीक्षा

पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. यंत्र तासभर पूर्ण क्षमतेने चालू द्यावे. मग एक तापमापक यंत्रात हवा शिरते त्या बाजूला आणि दुसरा रस्त्यावर मोकळ्या सावलीत धरावा. दोहोंत दोन-तीन अंशांहून अधिक फरक आढळला, तर टाकलेली हवाच परत येत आहे असे समजावे. पतंगाच्या कागदाची पट्टी काठीला बांधून यंत्राभोवती फिरविली की हवेची उलटी वाट डोळ्यांना दिसते. अशा वेळी यंत्राचे तोंड फिरविणे, ते थोडे उचलणे किंवा वरच्या बाजूला हवा फेकणारे यंत्र घेणे यांपैकी एक उपाय बहुधा पुरेसा ठरतो. बसवणीनंतरही दर महिन्याला बाष्पकाच्या पातळ पात्यांवरील धूळ व तंतू काढावेत आणि विजेच्या वापराची नोंद ठेवावी.

वागळे इस्टेटमध्ये जागा नव्याने निर्माण करता येणार नाही. आहे त्या जागेतून हवेची, पाण्याची आणि माणसांची वाट मोकळी ठेवणे मात्र प्रत्येक उद्योजकाच्या हाती आहे. यंत्राची निवड करण्यापूर्वी त्या गल्लीत एकदा टेप घेऊन उभे राहावे. वारा कोठून येतो, पाणी कोठे जाते आणि आणीबाणीत माणूस कोठून निघेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की यंत्राची योग्य जागा आपोआप ठरते.