नाइट्स ट्रान्सिल्व्हानियात राहिले असते तर…

हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू याने १२११ साली ज्यांना सन्मानाने बोलावले, त्यांनाच १२२५ मध्ये फौज नेऊन हाकलले. हे पाहुणे म्हणजे ट्यूटॉनिक नाइट्स. क्रूसेडच्या काळात, अक्रच्या वेढ्यात जर्मन व्यापाऱ्यांनी काढलेल्या रुग्णालयातून जन्मलेला हा संन्यासी-योद्ध्यांचा संघ. कुमान टोळ्यांपासून सीमा राखण्यासाठी त्यांना बुर्झेनलँड, म्हणजे आजच्या रुमानियातील ब्राशोव्हभोवतीचा मुलूख मिळाला होता. किल्ले मात्र लाकडीच बांधायचे, अशी सुरुवातीची अट. (लाकडी किल्ला राजाला केव्हाही जाळता येतो!) दगडी किल्ल्यांची मुभा १२२२ मध्ये मिळाली. पण १२२४ मध्ये संघाने तो मुलूख थेट पोपच्या छत्राखाली नेला. भाडेकरूने घर परस्पर तिसऱ्याच्याच नावावर करावे, तसा हा प्रकार.

समजा, त्यांनी एवढी घाई केली नसती आणि ते तिथेच राहिले असते. मग १२४१ मध्ये मंगोलांना त्यांनी अडवले असते का? मला तसे वाटत नाही. मोहीच्या मैदानावर खुद्द राजाचे सैन्य नष्ट झाले. तिथे मूठभर नाइट्सची काय कथा? फार तर त्यांच्या दगडी तटांआड काही गावे वाचली असती. मंगोल गेल्यावर चौथ्या बेलाने दगडी किल्ल्यांवर भर दिला आणि १२४७ मध्ये दक्षिण सीमेवर हॉस्पिटलर नाइट्सना बोलावले. बापाने घालवले तसलेच लोक मुलाला हवे झाले.

खरा फरक पडला असता तो दूर उत्तरेला, बाल्टिक किनाऱ्यावर. हाकललेल्या संघाला पोलंडच्या माझोव्हियाचा ड्यूक कोनराड याने मूर्तिपूजक प्रशियनांविरुद्ध बोलावले. या खेपेस संघप्रमुख हर्मान फॉन साल्झा याने सम्राट आणि पोप या दोघांच्याही सनदा पदरात पाडून घेतल्या. हंगेरीत बसलेला चटका तो विसरला नव्हता. १२८३ पर्यंत प्रशियन पुरते जिंकले गेले, त्यांच्या जमिनींवर जर्मन वसाहती उभ्या राहिल्या.

संघ ट्रान्सिल्व्हानियातच रमला असता, तर प्रशियन सुटले असते असे नाही; कोनराड शेजारीच होता. पण ड्यूकांच्या चढाया येतात नि जातात. किल्ला, शहर, शेतकरी असे पद्धतशीर रोवणे त्यांना जमले नसते. शेजारचे लिथुआनियन १३८७ मध्ये ख्रिस्ती झाले, ते स्वतःच्या राजवंशाखाली, आणि त्यांची भाषा आजही बोलली जाते. तिची सख्खी बहीण असलेली प्रशियन अठराव्या शतकाच्या सुरुवातीस संपली. त्याच सुमारास, १७०१ मध्ये, जर्मन होहेनझोलर्न घराण्याने ‘प्रशियातील राजा’ हा किताब घेतला.