दोन इंजिने, एक दोष : यांत्रिक नौकेची शक्ती का घटते?

दिनांक 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. तिच्यावर तीन एके-47 रायफली सापडल्या आणि रायगड जिल्ह्यात एकच खळबळ उडाली. दिवेआगरजवळच्या भरडखोल येथे एक छोटी जीवरक्षक बोटही आढळली. त्याच दिवशी विधानसभेत खुलासा झाला. ‘लेडी हान’ नावाची ही नौका मस्कतहून युरोपकडे निघाली असता 26 जून रोजी तिचे इंजिन निकामी झाले होते. खलाशांची सुटका एका कोरियन युद्धनौकेने केली. खवळलेल्या समुद्रामुळे नौका मात्र ओढून नेता आली नाही. पावणेदोन महिने वाहत वाहत ती आपल्या किनाऱ्याला आली.

घातपाताची शंका फोल ठरली. परंतु भर समुद्रात बंद पडलेले इंजिन काय करू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. वसई, उत्तनपासून कोर्लईपर्यंत आपल्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ समुद्रावर चालतो. सुटीत दिवेआगर, मुरूडला जाऊन मुलाबाळांसह वेगवान बोटीत बसणारी कुटुंबेही पुष्कळ. म्हणून या विषयाची ओळख करून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन्ही इंजिने एकाच टाकीतील इंधन पीत असतील आणि त्या टाकीत पाणी शिरले असेल, तर दोन्ही एकाच वेळी थांबतील. मात्र दोन इंजिनांचा एक मोठा लाभ आहे : एक बिघडले तर दुसरे शेजारीच तुलनेसाठी उभे असते. दोष शोधण्याची सारी रीत या तुलनेवर आधारलेली आहे.

प्रथम नेमके काय होते आहे, ते लिहून काढावे. नेहमीचे वजन ठेवून, शांत पाण्यात, दोन्ही इंजिने पूर्ण वेगाने चालवावीत आणि प्रत्येकाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या व नौकेचा वेग यांची नोंद करावी. बहुतेक चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनांसाठी पूर्ण वेगाची मर्यादा 5000 ते 6000 फेऱ्यांच्या दरम्यान असते. नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतो. येथे एक चूक हमखास होते. एक इंजिन बंद करून दुसरे एकटे पळवून पाहिले जाते आणि त्याच्या फेऱ्या कमी भरल्या की तेही बिघडले असे मानले जाते. वस्तुतः त्याचा पंखा दोघांनी मिळून वाहण्याच्या ओझ्यासाठी निवडलेला असतो. सारे ओझे एकट्यावर आले की निरोगी इंजिनही दबते.

नोंद हाती आली की तीच वाट दाखवते. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा पंख्यात असतो : पंख्याच्या मध्यभागी असलेला रबरी भाग घसरत असेल किंवा पाती वाकली असतील. फेऱ्या आणि वेग दोन्ही कमी असतील, तर एक तर ओझे वाढले आहे किंवा इंजिनाची शक्ती घटली आहे. तळाला चिकटलेले शेवाळ व कवचधारी जीव, पंख्यात गुंतलेला जाळ्याचा नायलॉन दोर, तळात साचलेले पाणी ही ओझ्याची कारणे होत. ती पाहायला पैसे लागत नाहीत. म्हणून ती आधी पाहावीत. पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली व सुरक्षा-दोरी काढून खिशात ठेवावी.

त्यानंतर इंधन. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाण्याला ओढून घेते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका दमट हवेत उभी राहते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि इंजिनात नेमके तेच प्रथम खेचले जाते. फिल्टरमधील इंधन काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर कारण सापडले. तसे नसेल तर दुबळ्या इंजिनाला स्वच्छ इंधनाची वेगळी छोटी टाकी जोडून पाहावी. त्याने जोर धरला, तर दोष इंजिनात नसून टाकीत, नळीत अथवा हवेच्या छिद्रात आहे. हे काम मोकळ्या हवेत व्हावे आणि जवळ विडी-काडी नसावी.

इंधन निर्दोष ठरल्यावर विजेकडे वळावे. दोन्ही इंजिने एकाच जातीची असतील, तर दुबळ्या इंजिनाचा प्लग वा कॉइल दुसऱ्यावर बसवावी. दोष तिच्यामागोमाग गेला तर तीच बदलावी. जागीच राहिला तर ती निर्दोष. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही. पंख्यांच्या बाबतीत अधिक सावध असावे. अनेक नौकांत डावा व उजवा पंखा विरुद्ध दिशांना फिरतो. असे पंखे आपापसांत बदलता येत नाहीत.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धारही पाहावी. ती क्षीण असेल तर थंड करणारे पाणी पुरेसे चढत नाही. आधुनिक इंजिने तापली किंवा तेल कमी झाले की स्वतःच फेऱ्या घटवतात व भोंगा वाजवतात. तो बिघाड नव्हे, इशारा होय. इतके करूनही उलगडा झाला नाही, तरच सिलिंडरमधील दाब मोजण्यासाठी जाणत्या कारागिराला बोलवावे. पुष्कळजण याच्या उलट करतात : आधी महागडा सुटा भाग मागवतात आणि शेवटी पंख्यातला दोर काढतात.

एक अखेरची गोष्ट. दुरुस्तीनंतरची चाचणी वर्दळीपासून दूर घ्यावी. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि घारापुरीला निघालेल्या अनेक प्रवाशांचे प्राण गेले. चाचणीच्या नौकेत प्रवासी बसवू नयेत, सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे, नांगर तयार असावा आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

प्रिय वाचकहो, आपण नौकेचे मालक असाल तर दोन्ही इंजिनांची नोंदवही आजच सुरू करा. प्रवासी असाल तर बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी चालकाला, ‘दोन्ही इंजिने नीट चालताहेत ना?’ एवढे अवश्य विचारा. विचारण्यात संकोच कसला? किनाऱ्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. भर समुद्रात ते मिळेलच असे नाही.