सुटींतील करमणुकीचीं उद्यानें : आपल्या कुटुंबास सोयीचें कोणतें ?

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं, नांदेड-लातुराकडील शेतकऱ्यांच्या घरांत तुळजापूर-पंढरपुराबरोबर आतां हैदराबादेच्या मोठमोठ्या उद्यानांचीं नांवें निघूं लागतात. मुलांचा हट्ट रास्त असतो. पण पांच-सहा माणसांचें तिकीट, भाडें, जेवण व मुक्काम मिळून कांहीं क्विंटल सोयाबीनची किंमत एका फेरीस लागते. तेव्हां विहिरीच्या पंपाची जशी चौकशी करून खरेदी करितों, तशीच याचीहि करणें उचित होय.

या धंद्याचें एक मूळ शेतांतच आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत वॉल्टर नॉट नांवाच्या शेतकऱ्यानें १९२० सालीं खंडानें जमीन घेऊन बोरासारख्या लहान फळांची लागवड केली. रस्त्याकडेला तो फळें विकी. १९३४ सालीं त्याच्या पत्नीनें तेथेंच कोंबडीचें जेवण देण्यास आरंभ केला. जेवणारांच्या रांगा लागूं लागल्या, व ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून त्यानें १९४० सालापासून जुन्या वस्तीचा एक देखावा उभारला. त्यांतूनच पुढें मोठें उद्यान झालें. त्याच भागांत १९५५ सालीं उघडलेलें डिस्ने यांचें उद्यान तर संत्र्यांच्या बागा तोडून केलेल्या १६० एकरांवर उभें राहिलें.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांस सर्वांत सोयीचें शहर हैदराबाद. १९५६ पर्यंत तें आपल्या राजधानीचेंच ठिकाण होतें. नांदेडाहून निजामाबादमार्गें व लातुराहून बिदरमार्गें रेल्वे आहे. सडकेनें अंतर अडीचशें ते तीनशें किलोमीटर पडतें. तेथील रामोजी चित्रनगरी १९९६ सालीं सुरू झाली. तिचा विस्तार १,६६६ एकर असून एवढें मोठें चित्रपटनिर्मितीचें आवार जगांत दुसरें नाहीं, अशी गिनेसच्या ग्रंथांत नोंद आहे. तिचे संस्थापक रामोजी राव (मृत्यु २०२४) यांनीं ‘ईनाडु’ हें दैनिक १९७४ सालीं काढिलें खरें, पण त्याच्याहि आधीं, १९६९ सालीं, त्यांनीं शेतकऱ्यांसाठीं ‘अन्नदाता’ हें तेलुगु मासिक सुरू केलें होतें. आम्हां मासिकवाल्यांस त्याचें विशेष वाटतें.

या नगरीचा मुख्य गुण असा कीं, येथें बसमधून हिंडवून खोटे राजवाडे, खोटीं स्टेशनें व बागा दाखवितात. म्हातारी आई, लुगडें नेसलेली गृहिणी, कडेवरचें मूल, सर्वांनाच कांहीं ना कांहीं पाहावयास मिळतें. दोष असा कीं, दिवस पुरत नाहीं आणि दुपारच्या उन्हांत चालणेंहि कमी पडत नाहीं.

दुसरें ठिकाण, रविर्याल येथील वंडरला. हें एप्रिल २०१६ मध्यें उघडलें. त्याच महिन्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागत होतें, हें येथील घसरगुंड्यांवरून पाण्यांत उतरतांना लातूरकराच्या मनांत आल्यावांचून राहात नाहीं. पाणी गाळून, औषध घालून तेंच पुन्हां वापरतात हें खरें. तथापि ज्यानें टँकरच्या रांगेंत घागर धरली आहे त्यास तो देखावा निराळा दिसणारच. येथील दुसरें आकर्षण म्हणजे रुळांवरील उंच गाड्या. बहुधा गाडी साखळीनें पहिल्या चढावर ओढून नेतात व तेथून सोडून देतात. पुढें तिला यंत्राचा जोर नसतो, उताराच्या वेगानेंच ती पुढील चढ ओलांडते. रक्तदाब, हृदयविकार वा पाठीचें दुखणें असणारांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं अशा खेळांपासून दूर राहावें. आमची खरी तक्रार मात्र वेगळी आहे. पाण्याच्या खेळांस नायलॉनचाच पोशाख लागतो, सुती कपडे वा लुगडें चालत नाहीं. परिणामीं पुष्कळ घरांतून मुलें व पुरुष पाण्यांत आणि घरची बाई काठावर बोचकीं सांभाळीत, असा प्रकार होतो. तिकीट तर तिचेंहि काढलेलें असतें! पोशाखाची सोय आधींच करावी, नाहीं तर रामोजी नगरीच बरी.

खोपोलीजवळील इमॅजिका (२०१३) मोठें व नामांकित आहे, परंतु लातुराहून तें सुमारें चारशें व नांदेडाहून पांचशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. पुण्यास आप्त असतील तरच त्याचा विचार करावा.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिवाळीच्या सुटींत सोयाबीन नुकतेंच खळ्यांतून निघालेलें असतें. आवक वाढून भाव दबतो, ओलाव्यापायीं कपातहि होते. केवळ सहलीसाठीं त्या दिवसांत माल काढणें आम्हांस पसंत नाहीं. मे महिन्यांत हातांतला पैसा बी-खतांकरितां राखून ठेवावा लागतो. खरी सवड मार्गशीर्षांत, रबीची पेरणी उरकल्यावर. पण तेव्हां शाळा चालू असतात.

नेमक्या याच सुमारास लोहें तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा भरते, आणि मार्गशीर्ष अमावास्येस लातूरकडे वेळ अमावास्या येते. माळेगांवीं घोडे, खेंचरें व गाढवें यांचा बाजार, कुस्त्या, लावणी, आकाशपाळणे असें सर्व एकाच पटांगणांत मिळतें, व बापास जनावरें पाहतां येतात. एवढेंच कीं, मोठ्या उद्यानांतील पाळणे कायमच्या पायावर रोवलेले असतात. यात्रेंतले चार दिवसांपुरते मातीवर उभे करितात. मूल बसविण्यापूर्वीं पाळण्याचे आधार, पट्टे व अडसर स्वतः पाहावे. वेळ अमावास्येस तर तिकीटच नाहीं: ज्वारीच्या उभ्या पिकांत बसून भज्जी, आंबील व उंडे खावयाचे, आणि शहरांतील स्नेह्यांस बोलवावयाचें.

हैदराबादेस जाणें ठरलेंच, तर रविवार व सणाचे दिवस टाळावे; दर व गर्दी दोन्हीं कमी असतात. मुलांचें तिकीट बहुतेक ठिकाणीं वयावर नसून उंचीवर असतें, तेव्हां मुलाची उंची घरींच मोजून घ्यावी. मोठ्या खेळांच्या दाराशींहि तीच पट्टी लावतात, आणि दोन बोटें कमी पडलेलें मूल तेथें तासभर रडतें.