पवनार: कांचनमुक्तीच्या गावात शाळेचा हिशेब

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीचा पूल येतो. पुलालगतच्या उंचवट्यावर विनोबांचा परमधाम आश्रम. येणारे पाहुणे भरत-रामाच्या मूर्तीला हात जोडतात, नदीतल्या खडकांवर फोटो काढतात आणि सेवाग्रामकडे वळतात. गावात शिरणारा एखादाच. पण गावची शाळा कोणाच्या पैशावर चालावी आणि पैसा देणाऱ्याने तिच्यावर किती हक्क सांगावा, या प्रश्नाचा पवनार आणि वर्धा परिसराइतका काथ्याकूट महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाला असेल.

सुरुवात बरीच मागे जाते. वा. वि. मिराशी यांच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार. मनसरचा दावा सांगणारेही आहेत. दुसऱ्या प्रवरसेनाचे अनेक ताम्रपट प्रवरपुराहून दिलेले आहेत, आणि त्यांचा विषय बहुधा एकच: अमक्या वेदपारंगत ब्राह्मणाला तमक्या गावची जमीन दिली. विद्येच्या पोटापाण्याची सोय जमिनीतून करायची, अशी ही रीत. त्या विद्येच्या दारात कुणब्या-तेल्याच्या, महारा-मांगाच्या पोराला उभं राहता येत नव्हतं, हेही तितकंच खरं.

जमिनीतून विद्येची सोय करण्याची रीत 1938 मध्ये नव्या रूपात परत आली. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारात रविशंकर शुक्लांनी ‘विद्या मंदिर’ योजना आणली. ज्या गावात शाळा नाही तिथे दात्याने शेत द्यायचं, त्या शेताच्या उत्पन्नातून शाळा चालवायची आणि मास्तरांनी महिना 15 रुपयांत भागवायचं. या मास्तरांच्या प्रशिक्षणाची शाळा वर्ध्यातच सुरू झाली. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने वाद घातला, 1939 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना बारगळली. माझ्या मते ती तशीही फार टिकली नसती. कोरडवाहू वऱ्हाडात ज्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी मास्तरांनी काय खायचं?

गांधीजींचा मार्ग वेगळा होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलांनी सूत काततच शिकावं आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, हा त्यांचा आग्रह. दारूबंदी केली तर सरकारचं उत्पन्न बुडणार आणि शाळांना पैसा उरणार नाही, ही अडचण त्यामागे होती. प्रा. के. टी. शहांनी परिषदेतच विरोध नोंदवला. पुढे ज्यांच्या अध्यक्षतेखाली या शिक्षणाचा, म्हणजे ‘नई तालीम’चा, अभ्यासक्रम तयार झाला त्या झाकीर हुसेनांनाही धास्ती वाटत होती: पगार मुलांच्या हातून निघणार असेल, तर गुरुजींचा मुकादम व्हायला कितीसा वेळ लागतो? सेवाग्रामचं आनंद निकेतन 2005 पासून शेती, वस्त्रविद्या आणि स्वयंपाकातून शिकवतं आहे. मुलांच्या सुतावर पगार काढण्याची कल्पना मात्र मागे पडली, ते बरंच झालं.

विनोबा 1938 मध्ये प्रकृती खालावल्यावर पवनारला आले आणि जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहिले. 1950 मध्ये इथेच त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. बैल नाही, बाहेरचा पैसा नाही. कुदळीने शेत खणायचं आणि रहाट माणसांनी ओढायचा. शिक्षणाच्या बाबतीत मात्र त्यांनी पैसा नाकारला नाही. न्यायाधीशाला पगार सरकार देतं, तरी तो सरकारच्या विरोधात निकाल देऊ शकतो. शिक्षकालाही तशीच मोकळीक हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. शिक्षकांच्या ‘आचार्यकुल’ या संघटनेची कल्पना त्यातूनच आली. या सगळ्या वादात मला हाच विचार सर्वांत व्यवहारी वाटतो, आणि तो मांडणारा माणूस पैशाशिवाय जगायला निघाला होता!

आता आजचा हिशेब. अशा गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, विजेचं बिल यांसाठी समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान येतं, तेही पट पाहून. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 असेल तर 25 हजार, 101 ते 250 असेल तर 50 हजार. त्यातला दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. म्हणजे 30 मुलांच्या शाळेला महिन्याला साडेआठशेही मिळत नाहीत. त्यात एकतिसावं मूल आलं की रक्कम अडीच पट. जूनमध्ये गुरुजी दारोदार का फिरतात, हे यावरून कळावं. उलट रोज सकाळी इंग्रजी शाळेची व्हॅन चार पोरं घेऊन जाते, तेव्हा अनुदानाचा टप्पा आणि शिक्षकाचं पद दोन्ही डळमळतं. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संच मान्यतेत पट घसरला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याची बदली होते. उरलेले दोघे पाच इयत्ता सांभाळतात. एका भिंतीकडे तोंड करून पहिली-दुसरी पाढे म्हणते, दुसरीकडे चौथी भागाकार सोडवते आणि मधे गुरुजींचा मोबाइल ऑनलाइन माहिती मागत असतो.

या हिशेबात मूल मोजलं जातं. ते वाचतं की नाही, याची चौकशी दुसरेच लोक करतात. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2005 पासून स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाच म्हणतात. साधी, नेमकी कसोटी. तिचा निकाल थेट अनुदानाला जोडावा, असं मी म्हणणार नाही. तसं झालं तर ज्या शाळेला जास्त मदत हवी, तिचंच पाणी आधी तोडल्यासारखं होईल, आणि निकालाची आकडेवारी मात्र रातोरात सुधारेल.

खरा धागा कायद्यात आहे, पण त्याला कोणी हात लावत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि तोच अनुदानाचा आधार धरायचा. समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे कपाशी वेचून आलेल्या बाईने बैठकीत बसून सांगायचं की आमच्या शाळेला तिसरा शिक्षक लागतो, आणि सरकारने तिथून हिशेब सुरू करायचा. प्रत्यक्षात आराखडा ठरलेल्या नमुन्यात भरला जातो, सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरतं आणि रक्कम पटाच्या तक्त्यावरूनच ठरते. पवनारच्याच परमधाम आश्रमातल्या ब्रह्मविद्या मंदिरात 1959 पासून भगिनी सर्वांच्या संमतीने निर्णय घेत आल्या आहेत. ती पद्धत नदीकाठावरून शाळेच्या समितीपर्यंत आणायला सरकारी परवानगी लागत नाही. आराखडा पालकांनी स्वतः लिहावा, ग्रामसभेत वाचावा आणि जिल्हा परिषदेकडून त्यावर लेखी उत्तर मागावं, एवढं आजही त्यांच्या हातात आहे.