गाडी उलटते तेव्हा पाइप काय करतो

नागपूरच्या हिंगणा रोडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने आणि पेरणीच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती, हे रोजचं काम. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, मागायला दोन तऱ्हेचे लोक येतात. पहिले जीपवाले. जीपवर आडवे-उभे जाड पाइप हवेत, काळे किंवा स्टेनलेस चकचकीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "दिसंल ना भारी?" दुसरे इंजिनीअरिंगचे पोट्टे. त्यांच्या हातात लॅपटॉप, खिशात पैसे कमी आणि पहिला प्रश्न, "काका, पाइपाची टीसी मिळंल का?" टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. मला या दुसऱ्या मंडळींचं काम आवडतं, पैसे उशिरा आले तरी.

हे पोट्टे 'बाहा' स्पर्धेसाठी गाडी बांधतात. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात 1976 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. भारतात ती 2007 पासून होते, मुख्यतः इंदूरजवळ पीथमपूरला. नागपूरहून व्हीएनआयटीसारख्या कॉलेजांचे संघ तिथे गेले आहेत. एका माणसाची गाडी, दहा हॉर्सपॉवरचं एकसिलिंडरी इंजिन आणि शेवटी दगडधोंड्यांच्या वाटेवर चार तासांची शर्यत. या गाडीला वेगळी चेसिस नसते. जो पिंजरा माणसाला वाचवतो, त्यालाच इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळं लटकतं. म्हणून सुरक्षित पिंजरा कसा बांधायचा हे समजून घ्यायला यापेक्षा सोपी गाडी नाही. पत्र्याखाली काहीच लपलेलं नसतं.

गाडी उलटली की तिचं वजन एका कोपऱ्यावर येतं, बहुतेक वेळा चालकाच्या डोक्यामागच्या कमानीच्या खांद्यावर. हा दणका तिथून निघून जमिनीपर्यंत किंवा गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वाट हवी असते. पाइपाला लांबीच्या दिशेनं दाबा, तो भरपूर सोसतो. मधोमध आडवा मार बसला की वाकतो. मोठ्या गेटला आम्ही तिरपी पट्टी मारतो ती का? नुसत्या चौकटीचे चारही सांधे पक्के असले तरी काही महिन्यांत गेट लोंबतं, तिरपी पट्टी मारली की चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि ती हलत नाही. पिंजऱ्याचं सगळं गणित तेवढंच आहे. मागच्या कमानीत तिरपा पाइप हवा, बाजूला तिरपे हवेत आणि जिथे एक पाइप संपतो तिथेच दुसरा सुरू व्हायला हवा. पोट्ट्यांचं पहिलं डिझाइन आलं की मी सांधे बघतो. तिरपा पाइप कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे, उभ्या पाइपाच्या अंगावर येऊन टेकत असेल, तर कागद परत. कॉम्प्युटरवरच्या ताणाच्या चित्रात तो निळा-हिरवा सुरेख दिसतो, पण दणका आला की त्याच चार बोटांत पाइप मोडतो.

जीपवाल्यांची समजूत अशी की पाइप जेवढा जाड तेवढा मजबूत. बाहाच्या नियमात मूळ माप आहे 25.4 मिमी व्यास, 3 मिमी जाडी आणि पोलादात किमान 0.18 टक्के कार्बन. पण तितकीच ताठरता आणि ताकद गणितानं दाखवली, तर दुसरं माप चालतं. आता हिशोब बघा. एक इंची 3 मिमीचा पाइप मीटरला साधारण 1.66 किलो भरतो. सव्वा इंची, म्हणजे 31.75 मिमीचा, 1.65 मिमी जाडीचा घेतला तर मीटरला 1.22 किलो. वजन पाव हिश्शापेक्षा जास्त उतरलं आणि वाकण्याला विरोध तीस टक्क्यांनी वाढला. कारण लोखंड मधल्या रेषेपासून जितकं लांब, तितकं ते जास्त काम करतं. यात गोम आहे. पातळ पाइप वेल्डिंगला नाजूक असतो, करंट जरा चढला की भोक पडतं, आणि दगडाचा घाव बसला की त्याला खळगा पडतो. म्हणून नियमात जाडीलाही खालची मर्यादा आहे. पोट्टे प्रत्येक ग्रॅमसाठी माझ्याशी भांडतात. भांडू द्यावं.

खरेदी इतवारीच्या लोहाओळीत. तिथे सगळं मिळतं, फक्त काय मागतोय ते आपल्याला कळायला हवं. खुर्च्या-टेबलांचा पाइप म्हणजे पट्टी गुंडाळून शिवण मारलेला, मऊ आणि पातळ. वरून रंग मारला की सीमलेसच्या, म्हणजे बिनशिवणीच्या पाइपाच्या शेजारी तोही तसाच दिसतो. टीसी मागितली की कधीकधी भलत्याच मालाची झेरॉक्स हातात पडते. कागदावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, आणि पाइपावरचा नंबर जुळला नाही तर तो कागद रद्दी. दुकानातच घाईनं बघायचं असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. कार्बन कमी असेल तर लांब, सरळ रेघा उडतात, वाढला की रेघांना टोकाशी फाटे फुटतात. हा अंदाज झाला, खात्रीला लॅब लागते. पीथमपूरला निरीक्षकाला शंका आली तर तो पाइपाला साडेचार मिमीचं भोक पाडायला लावून जाडी मोजू शकतो, तेव्हा बाहेरचा रंग कामी येत नाही.

वाकवणं हे वेगळंच दुखणं. आमच्या जुन्या मिस्त्र्यांची पद्धत होती, पाइपात वाळू ठासायची, लाल तापवायचा आणि ओढायचा. जिन्याच्या कठड्याला ठीक आहे. पिंजऱ्याला नाही, कारण तापवल्यानं पोलादाची मूळ घडण बदलते. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए स्पष्ट म्हणते की पाइप थंडच वाकवा आणि वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा. वळणावर पाइप चपटा झाला तर लहान व्यास भागिले मोठा व्यास 0.9 च्या खाली जायला नको. व्हर्निअर लावला, एका बाजूनं 46 आणि दुसऱ्या बाजूनं 41 भरलं, तर उत्तर 0.89. पाइप बाद. डोळ्याला तो गोलच दिसतो.

मग सांधा. पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर नेमकं बसेल असं कापायचं. मासोळीच्या तोंडासारखा आकार होतो, म्हणून सगळे त्याला फिशमाउथ म्हणतात. फट राहिली की वेल्डर ती रॉडनं बुजवतो, वरून वेल्ड जाडजूड दिसतो आणि आत पोकळ. आधी पूर्ण पिंजरा टॅकवर, म्हणजे वेल्डच्या नुसत्या ठिपक्यांवर, उभा करायचा, मापं तपासायची, मग एकदा इकडे, एकदा समोरच्या कोपऱ्यात असं वेल्डिंग करायचं. एका बाजूनं सलग ओढत गेलं तर थंड होताना धातू आकसतो आणि चौकट पिळते. मग सस्पेन्शनचे ब्रॅकेट एका रेषेत येत नाहीत आणि गाडी जन्मभर एका अंगानं चालते.

बरेच संघ 4130 म्हणजे क्रोमोली पोलाद आणतात. ते टिग वेल्डिंगनं जोडायचं, आर्गन वायूच्या आडोशात. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात शेडमध्ये कूलर लावल्याशिवाय उभं राहवत नाही, आणि कूलरची हवा आर्गन उडवून नेते. वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. तेव्हा कूलर बंद, दार अर्धं लोटलेलं, घामाच्या धारा. लवकर गार व्हावं म्हणून कोणी पाणी मारायला निघालं तर मी ओरडतो. हे पोलाद झपकन थंड केलं की वेल्डच्या कडेची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. ती वाकत नाही, तडकते. स्पर्धेत वेल्डचे नमुने द्यावे लागतात. एक जोड तुटेपर्यंत ओढायचा, तुटला तर पाइप तुटला पाहिजे, वेल्ड नाही. दुसरा उभा चिरून वेल्ड आत किती मुरला ते दाखवायचं. ज्या पोराच्या हातचा पिंजरा, त्याच्याच हातचा नमुना. हा नियम ज्यानं काढला त्याला मी चहा पाजीन.

खऱ्या रॅलीची गाडी वेगळी. पुण्याचे संजय टकले परदेशातल्या रॅली पळवतात, नाशिकच्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र झाली आहे. तिथे शोरूममधून निघालेल्या गाडीची आतली गादी-पत्रे काढून आत पिंजरा बसवतात. एफआयएची मापं दणकट आहेत. मुख्य कमान एकसंध, 45 मिमी व्यासाची 2.5 मिमी जाड किंवा 50 ची 2 मिमी जाड, आणि पाइप थंड ओढलेला सीमलेस. पण गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. कमानीचा पाय नुसता त्यावर टेकवला तर उलटल्यावर पाय तळ फोडून खाली जातो आणि छत माणसावर येतं. म्हणून पायाखाली 3 मिमीची, किमान 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट लागते, म्हणजे साधारण 12 बाय 10 सेंटिमीटरची. जिप्सीसारख्या गाडीत बॉडी वेगळी आणि शिडीसारखी चेसिस वेगळी. तिथे मी तर पिंजऱ्याचा भार चेसिसपर्यंत उतरतो की नाही हेच आधी विचारीन. चांगल्या पिंजऱ्याचा आणखी एक फायदा वेगासाठी होतो. गाडीचं अंग पिळत नाही, त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर आपापलं काम करतात.

छतावर एवढं लक्ष दिलं तरी बाजू उघडी राहतेच. सप्टेंबर 2005 मध्ये वेल्समधल्या जागतिक रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली. धडक सहचालक मायकेल पार्कच्या दारावर बसली आणि तो गेला. मार्टिन वाचला. झाड आणि माणूस यांच्यात दाराची जेमतेम वीतभर जागा असते. म्हणून दारात फुलीसारखे पाइप लागतात, सीटच्या कडा डोक्यापर्यंत वर येतात आणि मोठ्या रॅलीच्या गाड्यांच्या दारात दणका पिणारा फोम भरतात.

आता जीपवाल्यांकडे येतो. पिंजरा माणसाला वाचवतो तेव्हा माणूस सीटला पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि डोक्यावर हेल्मेट असतं. बाहाच्या नियमात हेल्मेट आणि पिंजऱ्यात 152 मिमी मोकळी जागा लागते, शिवाय चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवावं लागतं. रॅलीच्या गाडीत हेल्मेट लागेल तिथे पाइपावर खास कडक फोम चढवतात. रस्त्यावरच्या जीपमध्ये यातलं काही नाही. मागून कोणी ठोकलं की उघडं डोकं लोखंडावर आपटतं, एरवी ते मऊ छताला लागलं असतं. वर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचा बदल करू देत नाही, आणि पुढचे बुलबार बेकायदा असल्याचं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. मी हे समजावून सांगतो. बहुतेक जण ऐकून घेतात आणि पुढच्या दुकानात जातात. तिथे संध्याकाळपर्यंत काम होऊन जातं.

उलटून आलेला पिंजरा घेऊन पोट्टे कधी परत येतात. "काका, एवढाच पाइप वाकलाय, तापवून सरळ करून द्या ना." मी करत नाही. वाकलेल्या पाइपानं आपली ताकद एकदा खर्च केलेली असते, आणि तापवून सरळ केला तर उरलेलीही जाते. एफआयएच्या मान्यतेच्या पिंजऱ्याचीही अपघातानंतरची दुरुस्ती तो बनवणाऱ्यानं किंवा त्याच्या संमतीनंच करायची असते. मी तो तुकडा दोन्ही सांध्यांपर्यंत कापतो, शेजारचे सांधे घासून भेगा शोधतो आणि नवा पाइप मापतो. कमानच वाकली असेल तर अख्खा पिंजरा भंगारात. पोट्टे थोडा वेळ गप्प बसतात, मग भंगाराचा भाव विचारतात.