रंगाच्या दुकानात हजारो शेड्स मिळतात, मग डबे मोजकेच कसे?

घराला रंग द्यायचा म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. एकाला फिकट आकाशी हवा असतो, दुसऱ्याला गडद पिवळा. शेवटी शेडकार्डवरच्या एका नंबरवर तह होतो. तुम्ही दुकानात जाता आणि थोड्याच वेळात नेमकी तीच शेड डब्यात तयार मिळते.

शेडकार्डवर तर हजाराच्या वर शेड्स असतात. मग एवढे डबे त्या दुकानात मावतात कुठे?

मावत नाहीत. कारण ते तिथे नसतातच!

आधी हिशेब बघा

समजा 1,000 शेड्स आहेत आणि प्रत्येक शेड 1, 4, 10 आणि 20 लिटरच्या डब्यात द्यायची आहे. म्हणजे एकाच जातीच्या रंगाचे 4,000 वेगवेगळे डबे झाले. प्रत्येकाचा एकच डबा ठेवायचा म्हटला तरी दुकानदाराचं सगळं भांडवल त्यात अडकणार. वर त्यातले निम्मे वर्षभर धूळ खात पडणार आणि गिऱ्हाईक मागेल तो नेमका संपलेला असणार!

म्हणून बहुतेक शेड्स कारखान्यात बनवतच नाहीत. तिथे बनतात मोजके ‘बेस’. फिकट शेड्ससाठी पांढरा बेस, तर गडद शेड्ससाठी पांढरं रंगद्रव्य कमी किंवा अजिबात नसलेला बेस. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये डझनभर मूळ रंग भरलेले असतात. शेडचा नंबर टाकला की ठरलेल्या मापाने ते बेसमध्ये पडतात, मग डबा मशीनमध्ये घुसळला जातो आणि काम झालं.

चार बेस आणि चार मापं धरली तर फक्त 16 प्रकारचे डबे आणि ते डझनभर रंग. 4,000 डब्यांचं काम एवढ्यात भागतं.

फोर्डने काय केलं होतं?

स्वस्तात माल बनवायचा तर एकसारखा आणि भरपूर बनवावा लागतो. हेन्री फोर्डने हे जगाला दाखवून दिलं. 1908 साली आलेली त्याची मॉडेल टी गाडी सुरुवातीला साधारण 850 डॉलरला मिळायची. 1913 मध्ये फिरती असेंब्ली लाइन आली आणि पुढे हीच किंमत 300 डॉलरच्या खाली आली. पण 1914 ते 1925 या काळात गाडी मिळायची ती फक्त काळ्या रंगात.

लोकांच्या हातात पैसा आल्यावर त्यांना निवडीला वाव हवा होता. जनरल मोटर्सने वेगवेगळ्या खिशांना परवडतील अशा, वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या आणल्या. 1927 मध्ये फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली.

म्हणजे सगळ्यांना एकच माल दिला तर गिऱ्हाईक जातं. प्रत्येकासाठी पहिल्यापासून वेगळं बनवायला घेतलं तर खर्च परवडत नाही.

मग मधला मार्ग कोणता?

व्यवस्थापनात त्याला ‘पोस्टपोनमेंट’ म्हणतात. सोप्या भाषेत, फरक करायचा तो शेवटच्या पायरीवर करायचा. तोपर्यंतचं सगळं काम एकसारखं, एकगठ्ठा उरकायचं.

इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटरमध्ये हेच केलं. आधी लोकर रंगवून मग स्वेटर विणायचा, ही नेहमीची रीत. बेनेटनने बरेचसे स्वेटर न रंगवलेल्या लोकरीचे विणून ठेवले आणि कोणता रंग खपतोय हे दिसल्यावर रंगवले. रंगवायला थोडा जास्त खर्च आला, पण न खपलेल्या मालाचा धोका कमी झाला.

मिसळवाला तरी दुसरं काय करतो? उसळ आणि कट सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार. तुम्ही ‘तिखट कमी, फरसाण जास्त’ म्हणता तेव्हा तो फक्त प्लेट वेगळी भरतो. रेडिमेड पँटचे पायही अनेकदा न दुमडता येतात. तुमची उंची बघून दुकानातच ते दुमडून शिवले जातात.

तुमचा छोटा व्यवसाय असेल तर

घरून केक, कपडे किंवा गिफ्ट बनवून विकणारे बरेच जण इथेच अडकतात. प्रत्येक ऑर्डर वेगळी, त्यामुळे रात्रभर जागून काम आणि हातात नफा शून्य. अशा वेळी तीन प्रश्न विचारा:

1. सगळ्या ऑर्डरींमध्ये सारखं काय आहे? केकचा स्पंज सारखा असेल, तर तो एकत्र बनवा.
2. वेगळेपणा शेवटी आणता येईल का? नाव, रंग, सजावट हे बहुतेक वेळा शेवटी जमतं.
3. गिऱ्हाईक कोणत्या बदलासाठी जास्त पैसे देतं? ज्या बदलाचे पैसे मिळत नाहीत, तो मेन्यूतून काढा किंवा त्याचा वेगळा दर लावा.

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. मापाचा ब्लाउज शिवायचा तर कापडाला कात्री लावण्याआधीच मापं लागतात. तिथे फरक पहिल्याच पायरीवर येतो, म्हणून वेळ आणि शिलाई दोन्ही जास्त लागतात.

आणि हो, एकदा शेड मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, कारण तो आता फक्त तुमच्याच भिंतीच्या कामाचा असतो. म्हणून आधी छोटा डबा घेऊन भिंतीवर लावून बघा. शेडचा नंबर, बेस आणि रंगाचं पूर्ण नावही लिहून ठेवा. पुढे डागडुजी करताना तीच शेड पुन्हा बनवून घेता येईल.