दुपारचा वारा सुटण्याआधी

रात्री 12. चीनच्या चेंगडू शहरात प्रवाशांची वर्दळ ओसरते आणि देखभाल विभागाची रात्रपाळी जोरात येते. सिचुआन एअरलाइन्सकडे आज दीडशेहून जास्त विमानं आहेत, सगळी एअरबसची. त्यांतली तिबेटच्या पठारावर जाणारी ए319 दिसायला बुटकी, पण त्यांचं सगळंच वेगळं. साधारण विमानात प्रवाशांच्या मास्कमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा ऑक्सिजन असला तरी भागतं, कारण तेवढ्या वेळात वैमानिक दहा हजार फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. चेंगडूच्या पश्चिमेला दहा हजार फुटांवर हवा नसते, डोंगर असतो. म्हणून या विमानांत ऑक्सिजन जास्त भरतात आणि त्याची तपासणीही तेवढीच कसून होते.

पहाटे 5. वैमानिक हवामानाचे कागद घेऊन बसतात. चीनमध्ये 2438 मीटरच्या वरच्या विमानतळांचा वर्गच वेगळा आहे. तिथे उतरायचं तर वैमानिकाला खास प्रशिक्षण आणि परवानगी लागते. चर्चा मुख्यतः वाऱ्याची. ऊन तापलं की पठारावर वारा उठतो, हिवाळ्यात आणि वसंतात तर फारच. तेव्हा दुपारच्या आत जाऊन परत यायचं, हा इथला नियम. त्यात सगळ्या देशाचं घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे हिवाळ्यात चेंगडूला आठच्या सुमारास उजाडतं. शिवाय हे शहर खोऱ्यात वसलेलं, सकाळचं धुकं नेहमीचं. वर पठारावर आभाळ स्वच्छ आणि खाली चेंगडूची धावपट्टी दिसत नाही, असा उलटा प्रकार वारंवार होतो.

सकाळी 7. 14 मे 2018 रोजी साधारण याच वेळी चोंगचिंगहून ल्हासाला निघालेल्या याच कंपनीच्या ए319 ची उजवीकडची पुढची काच साडेनऊ हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर निखळली. सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला, बरीच उपकरणं बंद पडली, कॉकपिटमध्ये हाडं गोठवणारी थंडी. कॅप्टन लिउ च्वानजियान यांना लगेच खाली येताही येईना, कारण खाली पर्वतरांग होती. त्यांनी विमान वळवून चेंगडूला उतरवलं. 119 प्रवासी आणि 9 कर्मचारी, सगळे वाचले. तपासात काचेच्या कडेचं सील खराब होऊन आत ओलावा शिरल्याचं आणि विजेच्या ठिणग्यांनी काच तापल्याचं निष्पन्न झालं. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला आणि तुफान चालला. पडद्यावर शौर्य छान दिसतं. मला त्यापेक्षा रात्री 12 ची पाळी महत्त्वाची वाटते.

सकाळी 9. डाओचेंग याडिंग. 4411 मीटर, जगातला सर्वांत उंच नागरी विमानतळ, 2013 साली सुरू झालेला. विरळ हवेत विमानाला जास्त वेगानं धावावं लागतं, म्हणून धावपट्टी 4200 मीटर लांब. एरवी विमान उतरताना केबिनमधली हवा दाट होत जाते. इथे ती उतरता उतरता विरळ होते. दार उघडल्यावर तरुण मंडळीही दोन पायऱ्या चढून थांबतात. चेंगडूहून गाडीनं जायचं तर साधारण दोन दिवस, विमानाला तासभर. तिकिटाचा खरा हिशेब हा.

दुपारी 12.30. परतीची विमानं खोऱ्यात उतरू लागतात. मैदानी मार्गांवर जेवणाच्या ट्रॉल्या फिरतात आणि मागोमाग हवाई सेविका तिखट मिरचीची चटणी विचारत येते. आकाशात जिभेची चव मंदावते, त्यावर सिचुआनचा हा उतारा. आपल्या एखाद्या विमानात ठेचा असा वाढला असता, तर कोल्हापूरकरांनी दुसऱ्या विमानाचं तिकीट काढलं नसतं.

दुपारी 3. पठारावर वारा सुटलेला असतो. विमानं आता बीजिंग, शांघाय, ग्वांगचौकडे. हा पसारा उभा राहिला तो गमतीशीर वाटेनं. कंपनी 1986 ची. पहिलं उड्डाण 14 जुलै 1988 चं, चेंगडू ते वानशियान, चिनी बनावटीच्या वाय-7 विमानानं. पुढे मोउ चिचोंग नावाच्या वानशियानच्याच व्यापाऱ्यानं रेल्वेच्या वाघिणी भरभरून डबाबंद खाद्यपदार्थ, कपडे असा माल रशियाला दिला आणि बदल्यात चार टुपोलेव्ह-154 आणली. ती घेतली याच कंपनीनं. 1995 मध्ये तिनं चीनमधलं पहिलं ए320 आणलं. 2002 च्या फेररचनेत चायना सदर्ननं 39 टक्के वाटा घेतला, पण त्याहून किंचित मोठा वाटा प्रांताच्याच समूहाकडे राहिला. मोठ्या सरकारी कंपन्यांच्या पोटात ही कंपनी गडप झाली नाही, त्याचं एक कारण हे असावं.

संध्याकाळी 7. पांडा रंगवलेलं ए350 दिसलं की प्रवासी फोन काढतात. 2018 पासून ही मोठी विमानं आहेत. कंपनीच्या जाहिरातीत तीच झळकतात. वाढ म्हटली की लोकांना हेच आठवतं.

रात्री 9. नियोजन विभागात मात्र रेल्वेच्या वेळापत्रकावर नजर असते. 2009 मध्ये वेगवान गाड्या सुरू झाल्यावर चेंगडू-चोंगचिंग विमानसेवा बंद पडली. 2017 च्या अखेरीस शिआनचा रेल्वेमार्ग झाला. 2024 मध्ये जिउझायगोऊच्या दिशेनंही गाडी डोंगर चढली. 3448 मीटरवरच्या तिथल्या विमानतळाचा प्रवासी रेल्वेकडे वळणं ओघानंच आलं. डाओचेंगला अजून रूळ नाहीत. उद्याच्या तक्त्यात ए319 च्या सकाळच्या वेळा सर्वांत आधी भरल्या जातात, बाकीची विमानं उरलेल्या जागांत बसतात.